जावयाचं मूळ गाव: विनिपेगच्या एका घराण्याचा शोध

पार्श्वभूमी

प्रकरण माझ्या मैत्रिणीच्या जावयाचं आहे. नावं-आडनावं काढून टाकलीत, दोनेक तपशील मुद्दाम पुसट केलेत, बाकी कागद ज्या क्रमाने हाती लागले तोच क्रम ठेवलाय. मैत्रीण ठाण्याची, तिची मुलगी कॅनडातल्या विनिपेगला नोकरीला आली आणि इथल्याच मुलाशी लग्न केलं. मी इथेच राहते, वंशावळी जुळवायचा नाद आहे हे तिला माहीत, त्यामुळे नातू झाल्यावर तिचा फोन आला, "अगं, सासूबाई रोज विचारतात, जावयाचं मूळ गाव कुठलं म्हणून, आणि त्या लोकांना धड सांगता येत नाही. तू बघ ना जरा."

तसं विहीणबाईंकडे, म्हणजे जावयाच्या आईकडे, उत्तर तयार होतं. नवऱ्याकडचे फ्रेंच, कॅनडाच्या पूर्वेकडच्या क्यूबेकला अगदी सुरुवातीच्या बोटींनी आलेले, शिवाय एक पूर्वज होडीतून फरचा व्यापार करणारा. आणि त्या स्वतः अस्सल स्कॉटिश, त्यांचे कोणी खापरपणजोबा फरचा व्यापार करणाऱ्या हडसन्स बे कंपनीत चीफ फॅक्टर, म्हणजे तिकडच्या कारभारातला अगदी वरचा माणूस. जावयाच्या मामांच्या हॉलमध्ये या साहेबांचं चित्र फ्रेम करून लावलेलंय. या सगळ्याला कागदाचा आधार मात्र एकही नव्हता.

ही कंपनी आपल्याला वाटते तेवढी परकी नाहीये. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने १६६८ मध्ये मुंबई वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली, आणि त्याच राजाने २ मे १६७० ला हडसन उपसागराला मिळणाऱ्या सगळ्या नद्यांचा मुलूख या दुसऱ्या कंपनीला दिला. तिथलं भाडं अजून गमतीचं, दोन एल्क हरणं आणि दोन काळे बीव्हर, तेही राजा स्वतः तिकडे येईल तेव्हाच. बीव्हर कशाला, तर पाण्याकाठी राहणाऱ्या या प्राण्याच्या केसांपासून फेल्ट, म्हणजे दाबून केलेलं जाड कापड, बनायचं आणि फेल्टच्या हॅटा युरोपभर विकल्या जायच्या. कंपनीची दुकानं २०२५ मध्ये बंद झाली, पण तिचं दफ्तर १९७४ सालीच लंडनहून विनिपेगला आलंय आणि ते मॅनिटोबाच्या, म्हणजे आमच्या प्रांताच्या, सरकारी अभिलेखागारात आहे, म्हणजे माझ्या घरापासून बसने जाण्याइतक्या अंतरावर.

अडचण

पहिली अडचण इंटरनेटवरची. मामांनी एका वंशावळीच्या साइटवरून तयार झाड उतरवून घेतलं होतं. त्यात चीफ फॅक्टर होते, त्यांची बायको "क्री राजकन्या" होती (क्री हा इथला एक मूलनिवासी समाज) आणि फ्रेंच बाजूलाही १६००च्या शतकात एक मूलनिवासी बाई घातलेली होती. तेच झाड आणखी बऱ्याच जणांच्या अकाउंटवर शब्दशः दिसत होतं, स्पेलिंगच्या चुकीसकट, आणि इतक्या ठिकाणी आहे म्हणजे खरंच असणार असा मामांचा हिशेब. एकाने लिहिलं आणि बाकीच्यांनी कॉपी मारली तर तो पुरावा एकच राहतो, हे त्यांना पटवता पटवता माझ्या नाकी नऊ आले.

दुसरी अडचण, ख्रिसमसला कोणीतरी जावयाला डीएनए किट गिफ्ट दिलेलं. रिपोर्टमध्ये मूलनिवासी अंश एक आकडी टक्क्यात आला होता. त्यावरून घरात दोन तट. जावयाचा चुलतभाऊ म्हणाला, चला, आता मेटी समाजाचं सदस्यत्वाचं कार्ड काढू. विहीणबाई म्हणाल्या, मशीनची चूक असेल.

मेटी म्हणजे फरच्या व्यापारातले युरोपियन पुरुष आणि क्री, ओजिब्वे वगैरे समाजातल्या बायका यांच्या संसारांतून विनिपेगमधून वाहणाऱ्या रेड नदीच्या (रेड रिव्हर) आसपास उभा राहिलेला वेगळा समाज. नुसतं मिश्र रक्त म्हणजे मेटी नव्हे, त्यांची स्वतःची भाषा, गाणी, शेतीची पद्धत, राजकारण सगळं आहे. पुढच्या गोष्टीत हा फरक फार कामाला येणार आहे.

काय काय करता आलं असतं

चार रस्ते होते. मामांचं झाड तसंच घ्यायचं आणि ठाण्याच्या आजींना, म्हणजे मैत्रिणीच्या सासूबाईंना, फ्रेंच आणि स्कॉटिश सांगून मोकळं व्हायचं, मैत्रिणीलाही ते चाललं असतं. नाहीतर अजून डीएनए टेस्ट करायच्या. पण त्यात गोची अशी की क्यूबेकचे फ्रेंच एकमेकांचे पाच-सहा बाजूंनी चुलत असतात, थोड्याच कुटुंबांपासून लोकसंख्या वाढलीय, त्यामुळे मॅच ढिगाने मिळतात आणि नातं दिसतं त्यापेक्षा लांबचं निघतं. दुसऱ्या टोकाला, सहा पिढ्यांमागच्या एका बाईचा आपल्यात सरासरी चौसष्टावा हिस्सा उरतो, म्हणजे दीड टक्क्याच्या आसपास. एवढ्याशा आकड्यावरून ती कोण, कुठली काहीच कळत नाही. तिसरा रस्ता पैसे देऊन व्यावसायिक माणूस लावायचा, तो बजेटमुळे मागे पडला.

राहिला चौथा, हळू चालायचं. आजपासून मागे, एक पिढी, एक कागद, आणि जिथे कागद नाही तिथे थांबायचं. मामांना हे मुळीच आवडलं नाही कारण त्यांना साहेबांपासून सुरू करून खाली यायचं होतं. मोठ्या नावापासून खाली यायला लागलं की वाटेत कोणीतरी त्या नावाचा सापडतोच, आणि आपण त्याला घरात घेतो. जावई माझ्या बाजूने होता म्हणून चौथा रस्ता ठरला.

केलं काय: वडिलांची बाजू

ही बाजू इतकी सोपी गेली की मला अपराधी वाटायला लागलं. क्यूबेकच्या कॅथलिक चर्चच्या लग्नाच्या नोंदीत नवरानवरी दोघांच्याही आईवडिलांची नावं असतात आणि बायकांचं माहेरचं आडनाव आयुष्यभर तेच राहतं. त्र्यंबकेश्वरच्या गुरुजींच्या वह्यांमध्ये पुरुषांची नावं धडाधड मिळतात आणि बायकांपाशी गाडी अडते, इथे उलट बायकांमुळेच साखळी पक्की होते. शिवाय १६७९ पासून रजिस्टरच्या दोन प्रती, एक चर्चमध्ये आणि एक कोर्टात, त्यामुळे चर्च जळलं तरी नोंद वाचते. मॉन्ट्रियल विद्यापीठाने १९६६ पासून या नोंदी कॉम्प्युटरवर जोडायचं काम केलंय, ते वापरलं.

मधे एका ठिकाणी अडलो, १७५०च्या सुमाराला आडनावच गायब. तिथे सैनिकांना टोपणनावं असायची आणि ती आडनावाला चिकटून चालायची, पुढच्या एखाद्या पिढीत मूळ आडनाव गळून टोपणनाव राहायचं. दोन्ही नावं एकत्र लिहिलेली एक दफनाची नोंद सापडली आणि साखळी पुढे सरकली ती थेट कारिन्यां-सालियेर पलटणीच्या एका शिपायापर्यंत. ही पलटण १६६५ मध्ये इरोक्वा या मूलनिवासी लोकांशी लढायला आली, बाराशेच्या आसपास माणसं, त्यातले चारशेक इथेच राहिले. त्याची बायको राजाने खर्च करून पाठवलेल्या मुलींपैकी. १६६३ ते १६७३ मध्ये अशा आठशेच्या आत-बाहेर मुली आल्या, कारण वसाहतीत पुरुषच पुरुष होते. म्हणजे "पहिल्या बोटी" नव्हेत, क्यूबेक वसलं १६०८ ला, पण तरी साडेतीनशे वर्षांच्या वर झाली.

आता ती १६००च्या शतकातली मूलनिवासी बाई. तिच्या लग्नाची मूळ नोंद उघडली तर फ्रान्समधलं तिचं पॅरिश (चर्चचा परिसर) आणि आईवडिलांची फ्रेंच नावं स्वच्छ लिहिलेली. असा प्रकार क्यूबेकच्या बऱ्याच जुन्या बायकांच्या बाबतीत झालाय, कोणीतरी हौसेने त्यांना मूलनिवासी करून टाकतं. हिला झाडावरून उतरवली. चुलतभाऊ दोन दिवस बोलला नाही.

होडीवाला मात्र सापडला. सरळ रेषेतला नाही, पूर्वजाचा भाऊ, १७९०च्या दशकातला मॉन्ट्रियलच्या नोटरीपुढचा करार. असे हजारो करार शिल्लक आहेत आणि वाचायला मजा येते. हा गडी "मधला", म्हणजे होडीच्या मधोमध बसून नुसतं वल्हवणारा, पुढच्या आणि मागच्या माणसाला पगार जास्त असायचा. लेक सुपीरियरच्या काठावर ग्रँड पोर्टेजला माल न्यायचा, फर घेऊन त्याच मोसमात परत यायचं. पगाराशिवाय एक ब्लँकेट, तीन वार सुती कापड, बैलाच्या चामड्याचे बूट आणि कपाळाला लावून ओझं वाहायचा पट्टा मिळणार. वाटेत व्यापार केला तर पगार जप्त. खाली सही येत नाही असं नोटरीने लिहून ठेवलंय. जावयाला हा माणूस खूप आवडला. पण याला फरचा व्यापारी म्हणणं म्हणजे ट्रकच्या क्लीनरला ट्रान्सपोर्ट कंपनीचा मालक म्हणण्यासारखं होईल, ते मी स्पष्ट सांगितलं. उन्हाळ्यात हमाली, हिवाळ्यात घरी शेती, असे शेकडो होते.

केलं काय: आईची बाजू

इथे वेळ गेला, आणि खरं प्रकरण हेच. मॅनिटोबात जन्माची नोंद १०० वर्षांनी, लग्नाची ८० आणि मृत्यूची ७० वर्षांनी सगळ्यांना बघायला खुली होते. विहीणबाईंच्या आईचा जन्म १९१८, नोंद मिळाली. तिच्या आईचा जन्म १८९०च्या दशकात, विनिपेगच्या उत्तरेला सेंट अँड्रूजला, तीही मिळाली. मग त्या घराची जनगणनेतली पानं काढली.

१९११च्या पानावर मूळ वंश: स्कॉच. ठीक. १९०१चं पान उघडलं. तेच घर, तीच माणसं, वय दहाने कमी. पण त्या साली रंगाचा रकाना होता, गोऱ्याला डब्ल्यू, मूलनिवासींना आर, म्हणजे रेड. बापापासून पाळण्यातल्या पोरापर्यंत सगळ्यांपुढे आर. आणि वंशाच्या रकान्यात एस बी, म्हणजे स्कॉच मिश्र. गणनेवाल्याचं अक्षर सुरेख होतं, गैरसमजाला जागाच नाही.

लपवायचं कारण शोधायला लांब जायला नको. १८६९-७० मध्ये रेड रिव्हरच्या मेटींनी लुई रिएलच्या पुढारपणाखाली कॅनडाला तो मुलूख घेण्यापासून अडवलं, त्यातून मॅनिटोबा प्रांत झाला, १८८५ मध्ये पश्चिमेला पुन्हा उठाव झाला, तो मोडला आणि त्या नोव्हेंबरात रिएलला रेजायनाला फाशी दिलं. त्यानंतर पिढ्यानपिढ्या ज्यांना गोरं म्हणून खपता आलं ते खपले. फ्रेंच बोलणारे फ्रेंच झाले, इंग्रजी बोलणारे स्कॉटिश झाले.

इथे पहिला खरा निर्णय. विहीणबाईंना सांगायचं का, आणि कोणी सांगायचं? सत्तरीच्या बाई, आयुष्यभर स्कॉटिश. जावई म्हणाला, आधी सगळं पक्कं करू, मग एकदम दाखवू. मैत्रिणीचं म्हणणं, "अजिबात सांगू नका, त्यांच्या आईने सांगितलं नाही ना, मग आपण कोण?" मला दोन्ही पटेना. पुरावा पूर्ण करायला मला त्यांच्याकडूनच घरातली माहिती लागणार होती, आणि कारण न सांगता माहिती काढून घेणं बरं दिसत नाही. शेवटी जावयाने एकट्याने जाऊन ते १९०१चं पान त्यांच्यापुढे ठेवलं. त्या बराच वेळ वाचत बसल्या आणि म्हणाल्या, आई आम्हाला उन्हात जाऊ द्यायची नाही, लांब बाह्या घालायला लावायची, मला वाटायचं त्वचेच्या काळजीने. मग आपणहून स्वतःच्या मावशीचा पत्ता दिला. नव्वदीची मावशी वृद्धाश्रमात, तिने पहिल्याच फोनवर सांगितलं की आजी घरात क्री बोलायची, पाहुणे आले की गप्प व्हायची.

१९०१च्या घरातल्या बाईचा, म्हणजे विहीणबाईंच्या पणजीचा, जन्म १८६५च्या सुमाराचा. १८७०ची रेड रिव्हरची जनगणना पिढी जोडायला फार सोयीची, कारण प्रत्येकापुढे बापाचं नाव आहे. तिच्यावरून घर सापडलं, आणि घरावरून तिच्या आईचं १८७५चं प्रतिज्ञापत्र.

ही प्रतिज्ञापत्रं म्हणजे या शोधातलं सगळ्यात दणकट साधन. १८७०च्या मॅनिटोबा कायद्यात मेटींच्या मुलांसाठी १४ लाख एकर जमीन ठेवली होती, नंतर कुटुंबप्रमुखांना, बापाला आणि आईलाही, १६० डॉलरचं स्क्रिप, म्हणजे सरकारी जमीन घ्यायला चालणारी चिठ्ठी, ठरलं. ते मिळवायला शपथेवर सांगावं लागायचं की मी अमुक, जन्म अमुक ठिकाणी, १५ जुलै १८७० ला अमुक पॅरिशमध्ये राहत होते, बाप अमुक, आई अमुक. आता स्कॅन ऑनलाइन फुकट बघायला मिळतात. या बाईच्या कागदावर: जन्म जानेवारी १८३८, नॉर्वे हाउस, हे उत्तरेकडचं कंपनीचं व्यापारी ठाणं. बाप ऑर्कनीचा. आई मूलनिवासी, नाव नॅन्सी म्हणू. खाली सहीच्या जागी फुली.

बाप ऑर्कनीचा आणि नाव मामांच्या साहेबांचंच. मामांनी लगेच केक मागवला.

दुसरा निर्णय इथे. त्या नावाचा माणूस कंपनीत एकच होता का? ऑर्कनी ही स्कॉटलंडच्या उत्तरेची बेटं, कंपनीची जहाजं तिथल्या स्ट्रॉमनेस बंदरात पाणी आणि माणसं भरून पुढे निघायची, १८००च्या सुमाराला कंपनीचे तीन चतुर्थांश नोकर तिथलेच. बेटं छोटी, नावं मोजकी, त्यामुळे एका नावाचे तीन-तीन जण. अभिलेखागाराने नोकरांचे माहितीचे कागद तयार केलेत, सहसा माणशी एक पान: कुठल्या पॅरिशचा, कधी लागला, कुठल्या साली कुठल्या ठाण्यावर काय काम. आमच्या नावाचे तीन निघाले. एक १८२८ मध्येच मायदेशी परतलेला, तो बाद. दुसरे मामांचे साहेब. तिसरा साधा मजूर म्हणून लागून पुढे यॉर्क बोटीचा, म्हणजे कंपनीच्या मालवाहू होडीचा, सुकाणूवाला झालेला.

कंपनीचं वर्ष १ जून ते ३१ मे, हे लक्षात ठेवलं नाही तर सगळं एका वर्षाने घसरतं. जानेवारी १८३८चा जन्म म्हणजे १८३७चं खातं बघायचं. त्या वर्षी आणि त्याच्या आधीच्या वर्षीही साहेब रॉकी पर्वताच्या पलीकडे पॅसिफिकच्या बाजूला, आणि सुकाणूवाला नॉर्वे हाउसला. एवढ्यावरही मी थांबले नाही, हिशेबाच्या वह्या काढल्या, त्यात त्याच्या नावापुढे कापड, मणी, चहा, लहान मापाचं ब्लँकेट, म्हणजे घरी बायको-पोर असल्याच्या खुणा. पुढे त्याने नोकरी सोडली आणि १८४९च्या रेड रिव्हर जनगणनेत तो सेंट अँड्रूजला सापडतो: एक घर, एक गोठा, दोन बैल, दोन गाड्या, एक होडी, आणि प्रतिज्ञापत्रातल्या मुलीच्या वयाला जुळणारी मुलगी. चर्चच्या रजिस्टरात त्याचं आणि नॅन्सीचं लग्न, आणि त्याच दिवशी चार मुलांचा बाप्तिस्मा. ही सर्रास पद्धत होती, संसार आधी तिकडच्या रिवाजाने, पाद्री भेटला की चर्चमध्ये. तिथलं दगडी चर्च १८४९ मध्ये पूर्ण झालं, आजही उभंय.

नॅन्सीच्या पुढे "मूलनिवासी स्त्री" एवढंच. आईबापाचं नाव नाही, समाजाचं नाव नाही. इथे थांबलो. राजकन्या वगैरे काही नाही, आणि क्री असावी हे मावशीच्या आठवणीवरून, कागदावरून नाही, म्हणून झाडावर तसंच वेगळं लिहिलंय.

निकाल

मामांचं चित्र अजून भिंतीवर आहे. त्यांना तिन्ही कागद दाखवले, ते म्हणाले साहेब मधेच सुट्टीवर आले असतील. रॉकी ओलांडून नॉर्वे हाउसला सुट्टीवर, बरं. वाद घातला नाही.

कार्डाचं गाडं वेगळ्याच जागी आलं. सुप्रीम कोर्टाने २००३ मध्ये पावली खटल्यात हक्कांसाठी तीन गोष्टी बघायला सांगितल्या: माणूस स्वतःला मेटी मानतो का, ऐतिहासिक मेटी समाजाशी वंशाचा धागा आहे का, आणि आजचा समाज त्याला आपला मानतो का. चुलतभावाकडे यातलं काहीच नाही, कारण तो वडिलांच्या बाजूचा आणि तिकडची बाई फ्रेंच निघाली. विहीणबाईंकडे दुसरी गोष्ट पुराव्यानिशी आहे. पहिली आणि तिसरी कागदाने सिद्ध होत नाही. त्यांनी अर्ज केलेला नाही, पण मेटी संस्थेच्या स्थानिक शाखेच्या जेवणांना मावशीला व्हीलचेअरवर घेऊन जातात. अर्ज करायचा की नाही ते त्या ठरवतील, जावयाने त्यात पडायचं नाही असं ठरलंय.

जमिनीचाही माग काढला. १८७० मध्ये पाच वर्षांच्या असलेल्या त्या मुलीच्या वाट्याला कायद्याने २४० एकर येत होते. मिळाले, पण सेंट अँड्रूजच्या नदीकाठी नाही, लांब कुठेतरी, आणि हातात पडेपर्यंत इतकी वर्षं गेली की कागद आधीच एका दलालाच्या नावे झालेला. हे एकट्या या घराचं नाही. वाटप इतकं रेंगाळलं की सरकारने तत्परता दाखवली नाही असा निकाल २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने दिला.

ठाण्याच्या आजींना मैत्रिणीने सांगितलं, मूळ गावं दोन, एक फ्रान्समधलं आणि एक इथलंच, नदीकाठचं. आजींनी विचारलं, कुलदैवत?

वेगळं काय करता आलं असतं

मावशीला सगळ्यात आधी फोन व्हायला हवा होता. ती या घरातली एकमेव व्यक्ती जिला विहीणबाईंच्या पणजीचा आवाज आठवतो, आणि तिच्यापर्यंत आम्ही पोचलो तेव्हा अर्धा शोध झाला होता. कागद दीडशे वर्षं थांबलेत, अजून थांबतील.

डीएनए किट आधी आलं हेही बरं झालं नाही. आकडा आधी कळला की माणसं त्या आकड्याला साजेसा पूर्वज शोधायला लागतात. या घरात आईची आई, तिची आई अशी सरळ रेघ नॅन्सीपर्यंत जाते, त्यामुळे फक्त आईकडून येणारा डीएनए तपासणारी टेस्ट इथे उपयोगी पडली असती, निदान नॅन्सी मूलनिवासी हे त्यातूनही कळलं असतं. तो पर्याय अजून आहे. विहीणबाई नको म्हणाल्या, जावई हो म्हणतोय, त्यालाही आईचाच तो डीएनए मिळालेला असल्याने त्याच्या लाळेवर काम भागेल, पण निकाल आईबद्दलही बोलणार. माझं मत, त्यांची परवानगी येईपर्यंत थांबावं.

विहीणबाईंना १९०१चं पान दाखवण्याबद्दल मैत्रिणीचं आणि माझं अजून जमत नाही. तिच्या मते मावशी गेल्यावर दाखवलं असतं तरी चाललं असतं. मला वाटतं मग त्या क्रीबद्दल कोणाला विचारणार होत्या?

ऑनलाइन झाड दुरुस्त करायचा प्रयत्न केला, साहेबांच्या जागी सुकाणूवाला घालून खाली प्रतिज्ञापत्राचा आणि हिशेबवहीचा क्रमांक दिला. एका आठवड्यात कोणीतरी परत साहेब बसवले. आता मूळ झाडाच्या मालकाला स्कॅनसकट मेसेज केलाय, उत्तर आलेलं नाही. नॅन्सीसाठी नॉर्वे हाउस या व्यापारी ठाण्यावरच्या १८३०च्या दशकातल्या रोजनिशा वाचायच्या बाकी आहेत. बायकांची नावं त्यात क्वचित येतात, पण अमक्याची बायको बापाकडे गेली, मासे घेऊन आली अशा ओळी सापडतात, आणि तो बाप कुठल्या तंबूतून आला हे कधीकधी लिहिलेलं असतं.